पॉझिट्रॉन आधी कागदावर सापडला, हे खरं का? डिरॅक यांच्याविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे: "काकूंचा पेट स्कॅन झाला. तिथल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की शरीरात पॉझिट्रॉन, म्हणजे प्रतिद्रव्याचे कण, तयार होतात. पॉल डिरॅक नावाच्या शास्त्रज्ञाने हा कण कुणी पाहण्याआधी नुसत्या गणिताने शोधला होता असं वाचलं. हे खरं का? असेल तर आइनस्टाइनसारखं त्यांचं नाव घरोघरी का नाही? माझी मुलगी बीएस्सीला फिजिक्स घेऊन शिकते, तिने सुरुवात कुठून करावी?"

खरं आहे, पण गोष्ट सांगतात तितकी सरळ नाही. "डिरॅक यांनी समीकरण मांडलं, त्यातून प्रतिकण निघाला, चार वर्षांनी तो प्रयोगात सापडला" या एका वाक्यात मधली तीन वर्षं गायब होतात, आणि माझ्या मते त्या तीन वर्षांतच डिरॅक यांचं मोठेपण दिसतं. न पटणारं उत्तर समोर आलं की आपण ते खोडतो आणि पुढे जातो. या माणसाने ते खोडलं नाही. आधी त्याचा चुकीचा अर्थ लावला, लोकांची टीका झेलली, अर्थ बदलला, पण उत्तर सोडलं नाही.

मी अणुवैद्यक विभागात, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन पेटसारखे स्कॅन करतात तिथे, फिजिसिस्ट म्हणून काम करते. रिपोर्ट लिहिणारी डॉक्टर नव्हे. यंत्र बरोबर मोजतंय का, डोस योग्य आहे का, भिंतीतलं शिसं पुरेसं आहे का, हे बघणारी. सकाळी पहिला पेशंट येण्याआधी पॉझिट्रॉन देणारा जर्मेनियम-६८ चा स्रोत यंत्राच्या कड्यात ठेवून चाचणी घ्यावी लागते. पडद्यावर ५११ केईव्ही, म्हणजे ५११ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टला ठळक शिखर उभं राहिलं की दिवस सुरू. हा आकडा म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा. वस्तुमान आणि ऊर्जेचं नातं आइनस्टाइनचं. पण पॉझिट्रॉनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या उलट्या भाराच्या जोडीदाराचं, वस्तुमान इलेक्ट्रॉनएवढंच का, कणभरही कमी-जास्त का नाही, याचं उत्तर डिरॅक यांच्या समीकरणात आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

इंजिनियर

पॉल डिरॅक यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. वडील चार्ल्स मूळचे स्वित्झर्लंडचे, शाळेत फ्रेंच शिकवायचे आणि घरातही फ्रेंचच बोलायला लावायचे. डिरॅक यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे की जेवताना वडील आणि ते एका खोलीत, तर आई आणि भावंडं स्वयंपाकघरात. फ्रेंचमध्ये नीट सांगता येत नसेल तर गप्प बसलेलं बरं, ही सवय तिथली. त्यांच्या अबोलपणाचे किस्से पुढे इतके झाले की केंब्रिजमध्ये 'एक डिरॅक' म्हणजे तासाला एक शब्द असं एकक गमतीने रूढ झालं. हे किस्से मी इथेच थांबवते. मराठीत त्यांच्यावर जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात तेच भरलेले असतात आणि कामाचा भाग शेवटच्या परिच्छेदात उरकलेला असतो.

महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. डिरॅक आधी इंजिनियर होते. ब्रिस्टलच्या मर्चंट व्हेंचरर्स कॉलेजातून १९२१ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदवी पहिल्या वर्गात घेतली. पहिलं महायुद्ध संपून मंदी आली होती, नोकरी मिळाली नाही. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजने ७० पौंडांची शिष्यवृत्ती दिली, पण तेवढ्यात तिथे राहणं परवडेना. मग ब्रिस्टललाच फी न भरता दोन वर्षं गणित केलं आणि १९२३ मध्ये, आणखी एक अनुदान मिळाल्यावर, ते केंब्रिजला पोचले.

इंजिनियरिंगचं हे ऋण ते कायम मान्य करायचे. अचूक समीकरणंच खरी असा शुद्ध गणितज्ञाचा आग्रह त्यांच्या मनातून तिथे गेला. अंदाजी, पण नेमकं काय गाळलंय हे माहीत असलेलं समीकरणही कामाचं असतं, हे तिथे कळलं. तुमच्या मुलीला लवकरच 'डिरॅक डेल्टा फंक्शन' भेटेल: एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडे शून्य, आणि खालचं क्षेत्रफळ एक. गणितज्ञांनी आधी नाकं मुरडली. पण तुळईवर एकाच बिंदूवर पडणारा भार काढायची सवय असलेल्या माणसाला त्यात वावगं काही दिसत नाही. गणिताने त्याला रीतसर पाया द्यायला पुढे बरीच वर्षं घेतली.

केंब्रिजमध्ये राल्फ फाउलर हे त्यांचे मार्गदर्शक. १९२५ चा मार्च महिना घरासाठी वाईट होता. थोरल्या भावाने, फेलिक्सने, आत्महत्या केली. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला फाउलर यांनी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या न छापलेल्या निबंधाची मुद्रितं डिरॅक यांना पाठवली. हायझेनबर्ग यांच्या मांडणीत दोन राशींचा गुणाकार उलट क्रमाने केला तर उत्तर बदलत होतं, आणि खुद्द हायझेनबर्ग यांना ते टोचत होतं. डिरॅक यांना वाटलं, मुद्दा हाच आहे. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी लांब फेरफटका मारताना त्यांना अंधुक आठवलं की जुन्या यांत्रिकीत 'पॉइसाँ कंस' नावाची एक रचना आहे आणि ती या फरकासारखी दिसते. घरी येऊन वह्या चाळल्या, तर त्यात काही नाही. रविवार, ग्रंथालयं बंद. रात्र तशीच काढली, सोमवारी सकाळी ग्रंथालय उघडताच पुस्तक काढलं, आणि साम्य तंतोतंत निघालं. जुन्या यांत्रिकीतून नव्या क्वांटम यांत्रिकीत, म्हणजे अणूएवढ्या सूक्ष्म जगाच्या यांत्रिकीत, जायची वाट त्यांच्या हाती आली. पुढच्या वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंधाचं नाव नुसतं 'क्वांटम मेकॅनिक्स'.

वर्गमूळ

आता मुख्य भाग. विशेष सापेक्षता सिद्धांत सांगतो की कणाच्या ऊर्जेचा वर्ग म्हणजे दोन गोष्टींची बेरीज: एक संवेगातून येणारा वर्ग, एक वस्तुमानातून येणारा. ऊर्जा हवी तर वर्गमूळ काढायचं. नववीतलं पोरही सांगेल की वर्गमुळाची उत्तरं दोन, एक धन आणि एक ऋण. चेंडू किती सेकंदांनी खाली पडेल याच्या गणितातही ऋण उत्तर येतं, आपण ते काट मारून सोडतो. साध्या यांत्रिकीत तसं चालतं, कारण धन ऊर्जेचा कण एकाएकी ऋण ऊर्जेवर जाऊ शकत नाही, मधली दरी ओलांडायला सलग रस्ता नसतो. क्वांटम यांत्रिकीत उडी असते. तिथे काट मारून भागत नाही.

१९२६-२७ मध्ये सापेक्षतेशी जुळणारं एक क्वांटम समीकरण उपलब्ध होतं, क्लाइन आणि गॉर्डन यांच्या नावाचं. पण ते काळाच्या बाबतीत दुसऱ्या घाताचं होतं, आणि कण कुठे सापडेल याची संभाव्यता त्यातून कधी कधी ऋण यायची. ऋण संभाव्यतेला अर्थ नाही. डिरॅक यांचा हट्ट असा की समीकरण काळाच्या बाबतीत पहिल्या घाताचंच हवं. म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ साध्या, एकघाती रूपात लिहायचं. साध्या संख्यांनी ते होत नाही. त्यांनी संख्यांच्या जागी चार बाय चारच्या मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांचे चौकोनी तक्ते, घेतल्या. गुणाकाराचा क्रम उलटला की चिन्ह उलटावं, अशा चार मॅट्रिक्स. निबंध रॉयल सोसायटीकडे २ जानेवारी १९२८ ला पोचला.

त्यातून जे निघालं ते बघून लोक थक्क झाले. इलेक्ट्रॉनला स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारखा एक गुण, असतो आणि तो छोट्या चुंबकासारखा वागतो, हे प्रयोगांवरून माहीत होतं. भौतिकशास्त्रज्ञ पाऊली यांनी ते समीकरणात वरून घातलं होतं, कारण घातल्याशिवाय आकडे जुळत नव्हते. डिरॅक यांनी स्पिनचं नावही न घेता सुरुवात केली, आणि स्पिन आपोआप बाहेर आला. चुंबकीय ताकदीचा गुणक बरोबर २ आला. हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषांची बारीक फूटही जुळली. नंतरच्या मोजणीत हा गुणक २.००२३१९ असा निघाला. वरच्या त्या इवल्या जादा भागाने पुढे दुसरं महाभारत घडवलं, त्यावर खाली येते.

तीन अवघड वर्षं

चार बाय चार म्हणजे उत्तरंही चार. दोन हवी होती, स्पिन वर आणि स्पिन खाली. उरलेली दोन ऋण ऊर्जेची. वर्गमुळाचं ते दुसरं उत्तर मागच्या दाराने परत आलं होतं. नुसतं नकोसं नव्हे, धोक्याचं. ऋण ऊर्जेच्या जागा रिकाम्या असतील तर जगातला प्रत्येक इलेक्ट्रॉन प्रकाश सोडत खाली घसरत जाईल, कुठेच थांबणार नाही, आणि अणू नावाची गोष्टच उरणार नाही. हायझेनबर्ग यांनी १९२८ च्या उन्हाळ्यात पाऊलींना लिहिलं की आधुनिक भौतिकशास्त्रातलं सर्वांत दुःखद प्रकरण म्हणजे डिरॅक यांचा सिद्धांत.

डिरॅक यांनी १९२९ च्या शेवटी उपाय सुचवला. ऋण ऊर्जेच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या आहेत असं माना. पाऊलींच्या नियमाप्रमाणे एका जागेत दुसरा इलेक्ट्रॉन मावत नाही, म्हणून वरचे इलेक्ट्रॉन खाली पडत नाहीत. हा भरलेला साठा सगळीकडे सारखा, म्हणून जाणवत नाही. पण त्यात एखादी जागा रिकामी झाली, एक छिद्र पडलं, तर ते छिद्र धन विद्युतभाराच्या कणासारखं दिसेल. कोणता कण? त्या काळी माहीत असलेले मूलकण दोनच, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन. डिरॅक यांनी म्हटलं, छिद्र म्हणजे प्रोटॉन.

इथे त्यांची चूक झाली. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड. ओपेनहायमर यांनी दाखवलं की छिद्र जर प्रोटॉन असेल तर इलेक्ट्रॉन त्यात पडून दोघं नष्ट होतील आणि साधा अणू क्षणभरही टिकणार नाही. गणितज्ञ हर्मान वाइल यांनी गणिताने सिद्ध केलं की छिद्राचं वस्तुमान इलेक्ट्रॉनएवढंच असायला हवं, त्यात घासाघीस नाही. आता दोनच मार्ग उरले: समीकरण टाका, किंवा जगात अजून एक कण आहे असं म्हणा. आज नवा कण सुचवणं ही रोजची गोष्ट आहे, दर महिन्याला कुणीतरी सुचवतो. तेव्हा मात्र नुसत्या गणितापायी निसर्गात नवा मूलकण घालणं म्हणजे आगाऊपणा समजला जायचा. डिरॅक यांनीच नंतर कबूल केलं आहे की सुरुवातीला त्यांची तेवढी हिंमत झाली नाही.

१९३१ च्या निबंधात ती झाली. विषय भलताच होता, चुंबकाचा सुटा ध्रुव असू शकतो का. त्यात ओघाने ते लिहून जातात की छिद्र म्हणजे प्रयोगाला आजवर न दिसलेला नवा कण असावा, वस्तुमान इलेक्ट्रॉनचं, भार उलटा, त्याला प्रति-इलेक्ट्रॉन म्हणू. प्रोटॉनलाही असाच जोडीदार असावा, हेही तिथेच. पुढे एक वाक्य आहे ते मला फार आवडतं: असा कण निसर्गात सापडेल अशी अपेक्षा नको, कारण तो लगेच इलेक्ट्रॉनला भेटून संपेल, पण उत्तम निर्वातात टिकेल. केंब्रिजमध्ये जवळच जगातली एक उत्तम प्रयोगशाळा होती, कॅव्हेंडिश. तिथे जाऊन "शोधा बरं" असं डिरॅक म्हणाले नाहीत आणि कुणी आपणहून शोधलाही नाही.

२ ऑगस्ट १९३२ ला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे कार्ल अँडरसन यांनी एक फोटो घेतला. ते डिरॅक यांचं भाकीत तपासायला निघाले नव्हते, विश्वकिरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांचा, अभ्यास करत होते. त्यांच्या मेघकोष्ठात, म्हणजे कणाचा माग थेंबांच्या रेषेने दाखवणाऱ्या पेटीत, मधोमध ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवलेला होता. चुंबकीय क्षेत्रात कणाचा मार्ग वळतो. उलट्या भाराचा कण उलट्या बाजूला वळतो, पण उलट दिशेने येणारा साधा इलेक्ट्रॉनही तसाच दिसतो. पत्र्याने हा घोळ मिटवला. शिशातून जाताना कण ऊर्जा गमावतो, पलीकडे त्याचा मार्ग जास्त वाकतो, त्यावरून तो कुठून कुठे गेला ते कळतं. या फोटोत कण खालून वर आला होता, ६३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेने पत्र्यात शिरला आणि २३ ने बाहेर पडला. भार धन. आणि पत्र्यापलीकडचा माग प्रोटॉनसाठी फारच लांब होता, म्हणजे कण हलका. हाच पॉझिट्रॉन. केंब्रिजमध्ये ब्लॅकेट आणि ओक्यालिनी यांनी १९३३ च्या सुरुवातीला असे बरेच फोटो दाखवले आणि हा डिरॅक यांचाच कण आहे हे जोडून दिलं. त्याच वर्षी श्रोडिंगर यांच्याबरोबर डिरॅक यांना नोबेल मिळालं, वय ३१. प्रसिद्धी नको म्हणून ते नाकारायचं त्यांच्या मनात होतं. कॅव्हेंडिशचे प्रमुख रदरफर्ड यांनी समजावलं की नाकारलंस तर जास्त बोभाटा होईल.

आमच्या खोलीत

पॅरिसच्या इरेन आणि फ्रेदेरिक जोलिओ-क्यूरी यांना पॉझिट्रॉनच्या खुणा आधी दिसल्या होत्या, पण त्यांना ते स्रोताकडे उलट जाणारे इलेक्ट्रॉन वाटले. भरपाई त्यांनी १९३४ मध्ये केली. ॲल्युमिनियमवर अल्फा कणांचा मारा करून त्यांनी कृत्रिम किरणोत्सारी फॉस्फरस बनवला, आणि तो पॉझिट्रॉन सोडत होता. पॉझिट्रॉन सोडणारी मूलद्रव्यं हवी तेव्हा बनवता येतात, हे तिथे कळलं. पेट स्कॅन याच पायावर उभा आहे.

काकूंना दिलेलं औषध बहुतेक एफडीजी असेल: ग्लुकोजच्या रेणूला फ्लोरिन-१८ लावलेलं. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर प्रोटॉन मारून हे फ्लोरिन तयार होतं. अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. मुंबईहून पुण्याला गाडीने पाठवलं आणि तीन तास गेले तर तिसरा हिस्साच हातात येतो, घाटात कोंडी लागली तर त्याहून कमी, आणि मग शेवटच्या पेशंटची वेळ पुढे ढकलायची की उद्याची द्यायची याची चर्चा आमच्याकडे सुरू होते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ च्या सुमारास वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला, तेव्हापासून हे औषध भारतात बनू लागलं. आता अनेक शहरांत सोय आहे.

फ्लोरिनच्या केंद्रकातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, पेशींमध्ये धडका खात सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जातो, मंदावतो, आणि एखाद्या इलेक्ट्रॉनला गाठतो. दोघं संपतात. डिरॅक यांच्या भाषेत, इलेक्ट्रॉन छिद्रात पडला. बदल्यात ५११ केईव्हीचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. दोनच का आणि विरुद्ध का? कारण आधीचा संवेग जवळजवळ शून्य होता, तो नंतरही शून्यच राहायला हवा. पेशंटभोवतीच्या कड्यात हजारो स्फटिक असतात. काही नॅनोसेकंदांच्या आत समोरासमोरच्या दोन स्फटिकांत ५११ ची नोंद झाली, की यंत्र मधली रेषा आखतं आणि म्हणतं, घटना या रेषेवर घडली. अशा कोट्यवधी रेषांतून चित्र बनतं. नवी यंत्रं दोन नोंदींमधला काही शे पिकोसेकंदांचा फरकही ओळखतात. २०० पिकोसेकंद म्हणजे रेषेवरची जागा साधारण ३ सेंटिमीटरमध्ये कळते, आणि चित्र बरंच स्वच्छ येतं.

हे दोन फोटॉन निघण्याची शक्यता किती, हे सूत्र डिरॅक यांनी १९३० मध्येच काढलं. गंमत अशी की तेव्हा ते छिद्राला प्रोटॉन समजत होते, त्यामुळे निबंधाच्या शीर्षकात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या नष्ट होण्याबद्दल लिहिलं आहे. शीर्षक चुकलं, गणित आजही आमच्या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये चालतं.

'प्रतिद्रव्य' शब्दाने काकू घाबरल्या असतील तर हिशोब सांगते. ३७० मेगाबेकरेलचा (सुरुवातीला सेकंदाला ३७ कोटी अणू फुटतील इतका) डोस दिला आणि सगळा शरीरातच संपला असं धरलं, तरी एकूण पॉझिट्रॉन सुमारे साडेतीन लाख कोटी होतात. त्यांचं मिळून वजन ग्रॅमच्या एक अब्जांशाच्याही दशलक्षाव्या भागाच्या तीनेक पट. त्यांच्या आणि तेवढ्याच इलेक्ट्रॉनांच्या नष्ट होण्यातून मिळणारी ऊर्जा सुमारे अर्धा जूल, एक लिंबू मीटरभर उचलायला लागते तेवढी. आणि त्यातले बरेच फोटॉन शरीराबाहेर निघून जातात, म्हणून तर चित्र मिळतं. म्हणजे किरणोत्सार नाही असं नव्हे. नुसत्या एफडीजीचा डोस साधारण ७ मिलिसिव्हर्ट पडतो, सोबतच्या सीटी स्कॅनचा वेगळा. म्हणून स्कॅन कारणाशिवाय करायचा नसतो, आणि त्या दिवशी लहान मुलांपासून नि गरोदर बायकांपासून जरा लांब राहा असं आम्ही सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातलं जवळपास काही उरत नाही.

मुंबई, कोल्हापूर आणि डिरॅक

पॉझिट्रॉन पेशींत धडका खातो म्हटलं, त्या धडकांचं गणित होमी भाभांच्या नावाने चालतं. भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनियरिंग करायला गेले. घरच्यांची इच्छा, शिकून टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात जावं. तिथे डिरॅक शिकवत होते. भाभांनी वडिलांना लिहिलं की मला भौतिकशास्त्रच करायचं आहे. तीसच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात ते डिरॅक यांच्या समीकरणावरून काढलं. त्यालाच 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. म्हणजे पॉझिट्रॉन जन्मल्यावर मंदावेपर्यंत भाभा, आणि संपताना डिरॅक.

१९५४ मध्ये अमेरिकेने डिरॅक यांना व्हिसा नाकारला. भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि तिथे त्यांनी व्याख्यानं दिली. आणखी एक धागा कोल्हापूरपर्यंत येतो. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल हे कागदोपत्री डिरॅक यांचे विद्यार्थी. हॉयल यांना मार्गदर्शक नको होता आणि डिरॅक यांना विद्यार्थी, म्हणून जमलं, असं हॉयलच सांगायचे. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर या हॉयल यांचे विद्यार्थी. आणि कणांच्या एका मोठ्या गटासाठीचा 'बोसॉन' हा शब्द सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून डिरॅक यांनीच घडवला, दुसऱ्या गटाचा 'फर्मिऑन'ही त्यांचाच.

उत्तरार्ध

१९३३ नंतरचे डिरॅक हा अवघड विषय आहे, आणि त्यांचे भक्त तो टाळतात. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांचा एकत्र क्वांटम सिद्धांत १९२७ मध्ये त्यांनीच सुरू केला. त्यात अनंत उत्तरं येऊ लागली. १९४७ नंतर श्विंगर, फाइनमन, टोमोनागा यांनी ती अनंतं हिशोबात सामावून घेण्याची रीत बसवली आणि वरचा तो २.००२३१९ अचूक काढला. फाइनमन यांच्या पद्धतीचं बीज डिरॅक यांच्याच १९३३ च्या, एका सोव्हिएत नियतकालिकात छापलेल्या निबंधात होतं. तरीही डिरॅक यांना ती रीत मरेपर्यंत पटली नाही. अनंत गोष्ट गैरसोयीची म्हणून टाकून द्यायची हे गणित नव्हे, असं त्यांचं म्हणणं. १९३७ मध्ये त्यांनी दुसरी कल्पना मांडली: अणूच्या मापाच्या एककांत मोजलेलं विश्वाचं वय आणि विद्युत व गुरुत्व बलांचं गुणोत्तर, दोन्ही साधारण १ वर ३९ शून्यं इतके प्रचंड आकडे आहेत, हा योगायोग नसावा, म्हणून गुरुत्वाकर्षण काळानुसार क्षीण होत असावं. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी दाखवलं की तसं असतं तर पूर्वीचा सूर्य इतका प्रखर असता की समुद्र उकळले असते. पुढच्या मोजण्यांतही असा फरक सापडला नाही.

१९६३ च्या एका लेखात त्यांनी म्हटलं की समीकरण प्रयोगाशी जुळण्यापेक्षा सुंदर असणं महत्त्वाचं. हे वाक्य भिंतीवर लावायला छान आहे, पण विद्यार्थ्यांनी त्यावर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरुणपणी त्यांनी सौंदर्याच्या मागे लागून प्रति-इलेक्ट्रॉन शोधला नाही. भरलेल्या जागांचा अनंत साठा ही कल्पना सुंदर नव्हतीच, ती एका इंजिनियरने गळती थांबवायला मारलेली पाचर होती. आज आपण ती वापरतही नाही. त्यांचा जोर होता तो समीकरण सांगेल ते पूर्ण ऐकून घेण्यात. सौंदर्याचं तत्त्वज्ञान नंतर आलं, आणि ते आल्यावर तशी फळं लागली नाहीत.

नाव घरोघरी का नाही

त्यांनी मुलाखती टाळल्या, स्वतःचा संप्रदाय उभा केला नाही, विद्यार्थी मोजके घेतले. १९३२ पासून १९६९ पर्यंत न्यूटनच्या गादीवर, म्हणजे केंब्रिजच्या ल्युकेशियन अध्यासनावर होते, मग फ्लोरिडात टॅलाहॅसीला गेले, तिथेच २० ऑक्टोबर १९८४ ला वारले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या थडग्याजवळ त्यांच्या समीकरणाची फरशी १९९५ मध्ये बसली. पण मोठं कारण वेगळं आहे. त्यांचं काम भाषेतच विरघळलं. सेमीकंडक्टरचं पहिलं प्रकरण 'फर्मी-डिरॅक' वितरणाशिवाय सुरू होत नाही, क्वांटम कॉम्प्युटिंग शिकणारी मुलं त्यांनी १९३९ मध्ये आणलेली 'ब्रा' आणि 'केट' ही चिन्हं रोज लिहितात, आणि कुणाची ते विचारत नाहीत. आइनस्टाइनच्या सिद्धांताला वर्तमानपत्रात मथळा मिळाला, यांचा सिद्धांत थेट अभ्यासक्रमात गेला.

आता मुलीबद्दल. चरित्रं नंतर. डिरॅक यांचं १९३० चं 'प्रिन्सिपल्स ऑफ क्वांटम मेकॅनिक्स' बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी पहिल्या दोन प्रकरणांपर्यंत झेपतं. गणितज्ञ हरीश-चंद्र अलाहाबादच्या ग्रंथालयात तेच वाचून या विषयाकडे वळले आणि पुढे केंब्रिजला डिरॅक यांच्याकडेच गेले. त्याआधी तिला एक गणित द्या. पाऊलींच्या दोन बाय दोनच्या तीन मॅट्रिक्स घ्यायच्या. कुठल्याही दोन निवडून उलटसुलट गुणायच्या आणि चिन्ह उलटतं का ते हाताने तपासायचं, संगणकावर नाही. मग तशीच चौथी शोधायची, जी तिन्हींशी असंच वागेल. संवेगाच्या तीन दिशांना तीन लागतात, वस्तुमानाला चौथी. एक दुपार जाऊ दे, कुणी मदत करू नका. दोन बाय दोनमध्ये चौथी नाहीच हे तिला स्वतः सिद्ध करता आलं, की चार बाय चार का घ्यावे लागले ते तिला कळेल. मग १९२८ चा निबंध उघडायला हरकत नाही.